अप्पांचं मशीन आणि चौसष्ट चॅनेल

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. कुणी 'एकोणसाठ' म्हटलं की ते फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन हे कळायला मला अजून दोन सेकंद लागतात. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. तरी मराठी विभागासाठीच लिहितेय, कारण हा लेख ज्यांच्यामुळे सुचला ते माझे आजोबा, म्हणजे अप्पा, आपलं मॅगझिन घरी नेलं की पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. इंग्रजी विभागाचे फक्त फोटो बघतात.

अप्पा चिपळूणला राहतात. ट्रक आणि बस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं फिटर होते. इंजिन नुसतं ऐकून कुठला बेअरिंग गेलाय ते सांगायचे. गेल्या वर्षी मे महिन्यात नात्यात एक साखरपुडा होता. आजीने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "अहो, सात वाजता हॉलवर या!" अप्पा बाजारातून परस्पर पाच वाजता हॉलवर गेले आणि दोन तास मंडपवाल्यांबरोबर रिकाम्या खुर्च्या मोजत बसले. सगळे हसले, अप्पाही हसले. पण त्यानंतर ते भजनाला जायचे बंद झाले. गावच्या मंडळात ते पेटी वाजवतात. कारण विचारलं तर म्हणाले, "गुडघे दुखतात." गुडघे तर दहा वर्षांपासून दुखतायत!

म्हणजे अप्पांकडे कानाचं मशीन नव्हतं असं नाही. चार वर्षांपूर्वी बाबांनी घेऊन दिलेलं कपाटाच्या खणात रुमालात गुंडाळून पडलं होतं. "त्यात माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलतात," हे त्यावरचं अप्पांचं मत. आता नवीन घ्यायचं ठरलं तेव्हा बाबा मला म्हणाले, "तू इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमला आहेस ना? मग तूच बघ." टी.ई.पर्यंत घरातला मिक्सरसुद्धा मी दुरुस्त केलेला नाही, पण यावेळी अब्रूचा प्रश्न होता.

आधी 'सात'चं 'पाच' कसं झालं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन्ही शब्दांत स्वर एकच, 'आ'. स्वरांची ताकद साधारण १००० हर्ट्झच्या आसपास आणि खाली असते आणि ते जोरात असतात. स, श, फ, च, त अशी व्यंजनं मात्र मऊ असतात आणि त्यांची ओळख वरच्या भागात, साधारण २००० ते ८००० हर्ट्झमध्ये असते. म्हातारपणी कान आधी वरच्या फ्रिक्वेन्सीलाच जातात, आणि वर्कशॉपच्या गोंगाटाने ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो तो वेगळाच. अप्पांच्या ऑडिओग्रामवर ५०० हर्ट्झला २५ डेसिबल लिहिलंय, म्हणजे जवळजवळ ठीक. २००० ला ५०, आणि ४००० ला ६५. त्यांना आवाज येतो, शब्द येत नाहीत. 'सात', 'पाच', 'आठ' सगळे एकाच 'आ'मध्ये बुडतात. म्हणून ते म्हणतात "ऐकू येतं गं, पण कळत नाही", आणि आपण समजतो की म्हातारे सोयीस्कर बहिरे झालेत.

मग सगळंच ६५ डेसिबलने वाढवलं तर? तिथेच जुन्या मशीनची गोम आहे. कान खराब होतो तेव्हा बारीक आवाज ऐकू येईनासा होतो, पण मोठा आवाज जिथे असह्य व्हायचा तिथेच होत राहतो. अप्पांना ४००० हर्ट्झला ६५ च्या खाली काही येत नाही आणि १०० च्या वर सहन होत नाही. चांगल्या कानाकडे जिथे शंभरेक डेसिबलची जागा असते तिथे यांच्याकडे ३५. एसी गाडीतला सगळा माल एका रिक्षात कोंबायचा तसं ते काम आहे. म्हणून मशीन बारीक आवाजाला जास्त वाढवतं आणि मोठ्या आवाजाला कमी, आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सी पट्ट्यात वेगवेगळं. यालाच कम्प्रेशन म्हणतात. किती वाढवायचं याची सूत्रं ठरलेली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं 'नॅल' आणि कॅनडातलं 'डी.एस.एल.' ही जगभर चालतात. मशीन या सूत्राप्रमाणे बसवलं नसेल तर भांडीच बोलणार!

जाता जाता आपल्या ब्रँचच्या अभिमानासाठी एक गोष्ट. ट्रान्झिस्टर सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा आला तो रेडिओतून नाही, कानाच्या मशीनमधून. १९५२ च्या अखेरीस अमेरिकेत सोनोटोन कंपनीने दोन छोट्या व्हॅक्यूम ट्यूब आणि एक ट्रान्झिस्टर असलेलं मशीन काढलं. ट्रान्झिस्टर रेडिओ आला १९५४ मध्ये. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी बहिऱ्यांसाठी केलेल्या कामाची आठवण म्हणून बेल लॅब्जची मंडळी श्रवणयंत्र बनवणाऱ्यांकडून ट्रान्झिस्टरची रॉयल्टी घेत नसत. व्हायवाला विचारणार नाहीत, पण माहीत असलेलं बरं.

तर आम्ही एका दुकानात गेलो. दुकान एसी, भिंतीवर हसरे गोरे आजी-आजोबा. तिथल्या गृहस्थांनी पहिल्या दहा मिनिटांत अप्पांना एकही प्रश्न विचारला नाही. माहितीपत्रक उघडलं. चौसष्ट चॅनेल, ए.आय., ब्लूटूथ, पडल्यावर घरच्यांना मेसेज, 'मेंदू तरुण ठेवतं'. जोडी ३ लाख २० हजार. त्याच कंपनीचं सगळ्यात साधं मॉडेल ७० हजार. "आजोबांना बेस्ट द्या ना," म्हणाले. अप्पांनी मान डोलावली, कारण त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. मी पत्रक घेऊन हॉस्टेलवर आले आणि सबमिशन बाजूला ठेवून वाचत बसले.

पहिलं चॅनेलचं प्रकरण. आवाजाचे किती तुकडे करून प्रत्येकाला वेगळं गेन द्यायचं, तो आकडा. डी.एस.पी. शिकलेल्याला लगेच दिसेल की एफ.एफ.टी. घेतल्यावर तुकडे हवे तितके करता येतात, त्यात मोठेपणा नाही. अप्पांच्या ऑडिओग्रामची रेघ उतारासारखी सरळ खाली जाते. तो उतार गाठायला आठ-दहा पट्टे पुरतात, आणि बहुतेक लोकांचं तसंच असतं. चौसष्ट हा आकडा मोबाईलच्या मेगापिक्सेलसारखा विकायला बरा.

दुसरं, दोन माईक. हे मात्र कामाचं. मशीनवर साधारण १० मिलीमीटर अंतरावर दोन माईक असतात. मागून आलेला आवाज मागच्या माईकला आधी भेटतो आणि पुढच्याला ०.०१ भागिले ३४०, म्हणजे सुमारे २९ मायक्रोसेकंदांनी. मागच्याचा सिग्नल तेवढाच उशिरा करून वजा केला की मागचा आवाज गळतो आणि समोरच्याचा राहतो. रोजच्या वापरात यातून थोडेच डेसिबल मिळतात, पण मिळतात ते सिग्नल-टू-नॉइज रेशोमध्ये, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत शब्द वर येतो. अप्पांना नेमकं हेच हवंय. आवाज वाढवणं सोपं आहे, पंख्याचाही वाढतो. हा रेशो वाढवणं कठीण. पुढची प्रत्येक गोष्ट मी याच एका प्रश्नावर तपासली, की रेशो वाढतो का? (आजी मात्र नेहमी मागून, स्वयंपाकघरातून बोलते. साधा दिशादर्शक माईक तिलाच गोंगाट समजून कापेल. चांगली मशीन्स परिस्थिती बघून स्वतः बदलतात.)

तिसरं, नॉइज रिडक्शन. बोलण्याचा आवाज सेकंदाला तीन-चार वेळा वरखाली होतो, पंख्याचा एकसारखा राहतो. मशीन एकसारखा आवाज शोधून त्या पट्ट्याचं गेन कमी करतं. पण त्याच पट्ट्यात शब्द असेल तर तोही कमी होतो, रेशो होता तिथेच! त्यामुळे या जुन्या पद्धतीने दमायला कमी होतं, कान सुखावतो, पण जास्त शब्द कळतात असं प्रयोगांत सहसा दिसलेलं नाही.

आता ए.आय. इथे मी जरा थांबले, कारण हे नुसतं स्टिकर नाही. ओटिकॉनने २०२१ मध्ये डीप न्यूरल नेटवर्क असलेलं मशीन आणलं, आणि फोनॅकने २०२४ मध्ये तेवढ्या कामासाठी वेगळी चिप घातलेलं. हजारो-लाखो नमुने ऐकवून शिकवलेलं नेटवर्क प्रत्येक क्षणी, प्रत्येक पट्ट्यात हा तुकडा बोलण्याचा की गोंगाटाचा ते ठरवतं. एकसारख्या पंख्यावर ते अवलंबून नाही, म्हणून वरचा अडथळा ते खरोखर ओलांडू शकतं. पण तीन 'पण' आहेत. एक, बॅटरी जास्त खातं. दोन, चार आत्या एकदम बोलत असतील तर त्यातली कुठली आत्या सिग्नल आणि कुठली नॉइज हे त्याला कोण सांगणार? आणि तिसरा 'पण' दुकानात कुणी सांगितलाच नाही. अप्पांचे खालचे सूर ठीक असल्यामुळे त्यांच्या कानात भोकांचं, हवा खेळणारं सिलिकॉनचं टोपण बसतं. सगळं बंद केलं तर स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. पण त्या भोकांतून बाहेरचा गोंगाटही, विशेषतः खालच्या फ्रिक्वेन्सीचा, सरळ पडद्यावर जातो. चिप कितीही हुशार असली तरी जो आवाज तिच्यातून गेलाच नाही तो ती कापणार कसा? म्हणजे माहितीपत्रकातला फायदा अप्पांच्या कानात पोचेपर्यंत वितळणार.

'मेंदू तरुण ठेवतं' यावर मी चिडलेच होते, पण शोधलं तर अगदीच हवेतलं नाही निघालं. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये 'अचीव्ह' नावाचा अमेरिकेतला प्रयोग छापून आला. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. सगळे मिळून बघितले तर मशीन दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत स्मरणशक्ती वगैरेच्या घसरणीत फरक नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात घसरण ४८ टक्के कमी. दुकानदार दुसरं वाक्य सांगतो, पहिलं नाही. आणि हा फायदा चौसष्ट चॅनेलचा आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

मग महागाचं आणि स्वस्तातलं यात फरक किती? मला मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स यांच्या गटाने केलेलं काम, २०१४ आणि २०१६ मध्ये छापलेलं. दोन मोठ्या कंपन्यांची प्रीमियम आणि बेसिक अशी चार मशीन्स, प्रत्येक महिनाभर वापरायला दिली, कुठलं महाग ते न सांगता. सगळी नीट फिट केलेली. निकाल असा, की मशीनने सगळ्यांनाच फायदा झाला, पण रोजच्या आयुष्यात प्रीमियम आणि बेसिकमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. ती मशीन्स न्यूरल नेटवर्कच्या आधीची होती, हे लक्षात ठेवायला हवं. आणखी एक गंमत, बऱ्याचदा एका मालिकेतल्या स्वस्त आणि महाग मॉडेलचं हार्डवेअर एकच असतं, वैशिष्ट्यं सॉफ्टवेअरने उघडलेली किंवा कुलूपबंद. हे वाचून रूममेट म्हणाली, "म्हणजे गेमचं प्रो व्हर्जन!"

त्या 'नीट फिट केलेली' या तीन शब्दांत सगळं आहे. कानाची नळी म्हणजे साधारण अडीच सेंटीमीटरचा एका बाजूने बंद पाइप. बारावीचं फिजिक्स आठवा, क्वार्टर वेव्ह. प्रत्येकाचा पाइप वेगळा, त्यामुळे तेच मशीन दोन कानांत वेगवेगळा आवाज देतं. कंपनीचं सॉफ्टवेअर सरासरी कान धरून सेटिंग टाकतं, आणि त्यात वरच्या फ्रिक्वेन्सीला अनेकदा कमी गेन मिळतं, म्हणजे नेमका 'सात'मधला 'स' राहून जातो. उपाय साधा आहे. पडद्याजवळ केसासारखी बारीक नळी ठेवून मशीन चालू असताना आत प्रत्यक्ष किती डेसिबल पोचतात ते मोजायचं आणि सूत्राशी जुळवायचं. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्या दुकानात मी विचारलं तर म्हणाले, "त्याची गरज नाही मॅडम, ए.आय. करतं." तिथेच माझा निर्णय झाला.

आम्ही दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आधी अप्पांना विचारलं, "तुम्हाला कुठे अडतं?" अप्पा म्हणाले, "फोनवर नात काय बोलते ते. आणि भजनात." बायको काय बोलते ते त्यांनी सांगितलं नाही, आजी शेजारीच होती. बाईंनी नळी घालून मोजलं, आणि अनामत ठेवून एकाच मालिकेतली साधी आणि वरची जोडी दोन-दोन आठवडे वापरायला दिली. कुठली कुठली ते फक्त मला आणि त्यांना माहीत.

घरी मी प्रयोग मांडला. स, श, फ, ख, त असे शब्द निवडून वीस-वीसच्या याद्या केल्या, आजीला तोंडासमोर वही धरायला लावली म्हणजे ओठ वाचता येणार नाहीत, पंखा पाचवर, टीव्ही चालू. मशीनशिवाय २० पैकी ९. एका जोडीला १५, दुसरीला १६. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, आमचे सर हसतील. पण लग्नाच्या पंगतीत अप्पांनी स्वतःहून सांगितलं, "ही दुसरी इथे बरी वाटते." दुसरी म्हणजे महागाची. तेव्हा गोंगाटात तिचा फायदा नाही असं मी म्हणणार नाही. पण महिन्यात पंगती किती?

भजनाने मात्र दोघींना पाडलं. पेटीचा सूर लांब धरला की मशीनमध्ये तो थरथरायचा आणि स्वरपेटीचा षड्ज हळूहळू बसत जायचा. अप्पा म्हणाले, "पेटी फुटलीय." पेटी ठणठणीत होती. कारण मला डी.एस.पी.च्या वहीत सापडलं. मशीनची शिट्टी थांबवायला आत ॲडॅप्टिव्ह फिल्टर असतो, तोच आपला एल.एम.एस. शिट्टी म्हणजे लांब, एकसारखा, शुद्ध सूर. पेटीचा सूरही तसाच! फिल्टरला वाटतं ही शिट्टी, आणि तो खोडायला जातो. नॉइज रिडक्शनला स्वरपेटी म्हणजे पंखा वाटते. बाईंनी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून दिला, ज्यात हे दोन्ही अगदी कमी केलेले. आता बटण दाबून अप्पा भजनात बसतात. ही सोय साध्या जोडीतही होती, पण पत्रकात तिला शेवटची ओळ मिळाली होती.

बाकीचं पटकन सांगते. चार्जिंगची बॅटरी घ्या, फिटरच्या जाड बोटांना झिंकची बारीक बॅटरी बसवणं जमत नाही, फक्त कोकणातल्या पावसाळ्यात लाइट जाते हे धरून चार्ज साठवणारी डबी बघा. आय.पी. ६८ लिहिलेलं असलं तरी घाम आणि दमट हवा वेगळी, सिलिका जेलची डबी हवीच. ब्लूटूथ घेण्याआधी फोन कुठला ते बघा. ऑराकास्ट हे नवीन प्रक्षेपण, ज्यात एका सभागृहातल्या सगळ्यांच्या कानात थेट आवाज जातो, कल्पना म्हणून मला फार आवडलं, पण त्यासाठी सभागृहाकडेही यंत्रणा पाहिजे. पडल्याचा मेसेज अप्पांनीच नाकारला, "पडल्यावर आजीला कळेलच."

आणि मेसमधल्या मामांनी विचारलं होतं म्हणून, तपासणी सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात होते, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि कमी उत्पन्न असलेल्यांना केंद्राच्या 'ॲडिप' योजनेतून मशीन मिळू शकतं. तपासणारा माणूस पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे ना, तेवढं विचारा.

शेवटी आम्ही साधी जोडी घेतली आणि वाचलेल्या पैशांतून पेनाएवढा क्लिपचा माईक. गणित असं, अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने कमी होतो. आजी चार मीटरवरून बोलते. माईक तिच्या पदराला, तोंडापासून पाव मीटरवर. चार मीटर ते पाव मीटर म्हणजे चार वेळा निम्मं, २४ डेसिबल. तेही रेशोमध्ये! घरातल्या भिंतींमुळे प्रत्यक्षात कमी मिळतात, तरी माहितीपत्रकातलं एकही वैशिष्ट्य याच्या जवळ येत नाही. आजी पहिले दोन दिवस माईक लावायला लाजली, मग तिला कळलं की आता ओरडावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी तो काढायला विसरून ती शेजारी गेली. माईक तेवढ्या अंतरावर चालला, आणि ती अप्पांबद्दल शेजारणीला काय सांगते ते अप्पांनी अंगणात बसून पूर्ण ऐकलं. त्याचा तपशील मला अजून कुणी सांगितलेला नाही.

परवा रात्री मी हॉस्टेलवरून फोन केला. सेमिस्टरबद्दल बोलत होते तर अप्पा मध्येच म्हणाले, "थांब. तुझ्या डोक्यावरचा पंखा खटखट करतोय. बेअरिंग गेलाय त्याचा, रेक्टरना सांग." मी वर बघितलं. करत होता.